माझ्या पोटातले कागद

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला खाऊची नाहीतर दागिन्यांची आठवेल, पण आमचं नशीब कुठलं तसं! तुर्भ्याजवळच्या एका सरकारी कचेरीत, जिन्याखालच्या भिंतीला ठोकलेली मी 'तक्रार व सूचना पेटी'. स्वभावाने भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. मला हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म तुर्भ्यातल्याच एका शेडमध्ये झाला. साताऱ्याकडून आलेल्या कोंडिबा नावाच्या कारागिराने पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून मला घडवलं. वरती कागद टाकायला फट ठेवली आणि पुढे कुलपाचं दार बसवलं. फक्त एक घोटाळा झाला. दाराच्या बिजागऱ्या आतून लावायच्या, त्या त्याने बाहेरून लावल्या.

शेडचा मालक खेकसला, "अरे, बिजागरीची पिन उपसली की दार निघालं. मग कुलूप काय शोभेला?"

कोंडिबा ओशाळला. पण पेटी त्याच दिवशी पोचवायची होती. त्याने बिजागऱ्यांवर रंगाचा जाड हात मारला, आतूनही रंग फासला आणि मला कचेरीत आणून भिंतीवर बसवलं. फट नीट आहे ना, हे बघायला त्याने, तेव्हा समोर टांगलेला गावाचा नकाशा न्याहाळत, एका कागदावर काहीतरी खरडलं, घडी घातली आणि आत टाकलं. रंग अजून ओला होता. चिठ्ठी तळाला चिकटून बसली ती बसलीच. घडी मिटलेली, म्हणून त्यात काय लिहिलंय ते मलाही कळलं नाही.

सुरुवातीची वर्षं मोठी मानाची गेली. दर सोमवारी एक कारकून येऊन मला उघडायचे आणि वरचे कागद नीट लावून घेऊन जायचे. माझ्यातल्या एका कागदामुळे शिरवण्याच्या वाटेवरचे दिवे लागले, तेव्हा लोक मला हात लावून बघत होते. मी फुशारून गेले होते. मग ते कारकून निवृत्त झाले आणि किल्ली कुठे गेली ते देव जाणे. त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. पाली आल्या, शेंगांची टरफलं आली, कुलूप गंजून गेलं. मी आपली गप्प राहिले.

आणि मग यंदा माझ्या शेजारी एक नवा नकाशा लागला. येत्या वीस वर्षांत हे गाव कसं वाढणार, रस्ते कुठून जाणार, शाळा कुठे होणार, त्याचा आराखडा. खाली सूचना होती, की नागरिकांनी आपल्या हरकती महिन्याभरात द्याव्यात. कुठे द्याव्यात, ते इतक्या बारीक अक्षरात होतं की चष्मा लावूनही दिसू नये. नकाशाशेजारी मी होते. लोकांनी मला पाहिलं आणि कागद माझ्यात टाकले. त्यांचं काय चुकलं, सांगा बरं!

सगळ्यात जास्त कागद आणले वेणूबाईने. वेणूबाई म्हणजे कोंडिबाची बायको. कांदा-बटाट्याच्या बाजारात माल निवडायचं काम करते. त्या नकाशात एक रुंद रस्ता सरळ तिच्या वस्तीवरून गेला होता. घरं, बालवाडी, पाण्याची टाकी, सगळ्यावरून. तिने दारोदार फिरून प्रत्येकाकडून हरकत लिहून घेतली, सही नाहीतर अंगठा घेतला आणि एकेक कागद माझ्यात सोडला. प्रत्येक कागदाबरोबर माझी धास्ती वाढत होती. कारण मला उघडणार कोण?

खरी पाचावर धारण बसली ती शेवटच्या आठवड्यात. पलीकडच्या आवक खिडकीवर शर्मिला मॅडम कुणाला तरी सांगत होत्या, "हरकत खिडकीवर दिली आणि पोच घेतली तरच धरतात. पोच असेल त्यालाच सुनावणीला बोलावतात." म्हणजे माझ्या पोटातले कागद कुणाच्या हिशोबातच नव्हते! माझ्यावर भरवसा ठेवून आख्खी वस्ती निवांत बसली होती. मित्रांनो, तोंड आहे पण बोलता येत नाही, हे किती वाईट असतं ते त्या दिवसांत मला कळलं. रोज दारं उघडली की मी लोकांच्या पायांकडे बघत बसे. वेणूबाईच्या चपला कधी दिसतात, एवढीच आस होती.

त्या दिसल्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला. खिडकी साडेपाचला बंद होणार होती. कोंडिबाही आला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत, हात मात्र तेच आहेत.

"मॅडम, आमचे कागद पोचले का?" वेणूबाईने विचारलं. "बाजारात गोण उतरवली तरी चिठ्ठी देत्यात. हितं काय मिळालं न्हाई, म्हनून इचारते."

"कुठे दिले होते?"

वेणूबाईने माझ्याकडे बोट केलं. शर्मिला मॅडमचा चेहरा उतरला. "अहो मावशी, त्या पेटीतलं धरत नाहीत. तिची किल्लीसुद्धा नाही."

"मग ती भित्तीवर कशापायी ठेवलीया?"

वेणूबाई मटकन बाकावर बसली. पुन्हा सगळ्यांकडून लिहून आणायला वेळ नव्हता. अर्धी वस्ती कामावर होती. "म्याच सांगितलं समद्यांना, पेटीत टाकलंय, काळजी करू नगा," एवढंच ती पुटपुटली. मी पत्र्याची, पण मीही आतून हलले.

दिनानाथ शिपाई हातोडी घेऊन आले. शर्मिला मॅडमनी त्यांना अडवलं. "सरकारी कुलूप तोडायला साहेबांची सही लागते. साहेब मीटिंगला बेलापूरला गेलेत, फोन लागत नाही. उद्या माझ्यावर शेकेल हो." त्याही घाबरल्या होत्या. एकूण काय, त्या जिन्याखाली न घाबरलेलं कुणीच नव्हतं.

कोंडिबा माझ्याजवळ आला. त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि जाड रंगाखाली त्याला ती बिजागरी लागली. वीस वर्षांपूर्वीची त्याची चूक.

"कुलूप तोडायचंच न्हाई," तो म्हणाला. "एक खिळा द्या."

शर्मिला मॅडमनी कागद ओढून पंचनामा लिहायला घेतला: कुलूप शाबूत, सर्वांसमक्ष उघडली. कोंडिबाने खिळ्याने रंग खरवडला, पिना उपसल्या आणि दार हळूच काढून बाजूला ठेवलं. कागद धबाधबा जमिनीवर आले. मॅडम एकेकावर शिक्का मारू लागल्या, वेणूबाई पोच गोळा करू लागली. एकशे सदतीस झाले. घड्याळात पाच वीस.

तेवढ्यात कोंडिबाच्या नखाला तळाशी काहीतरी लागलं. त्याने ते खिळ्याने अलगद सोडवलं. घडी उघडून तो बघतच राहिला. मग त्याने ती चिठ्ठी मॅडमपुढे सरकवली. त्यांनी मोठ्याने वाचली.

"आमची वस्ती तुमच्या नकाशात न्हाई. तितं चाळीस घरं हायत. नाव लिवा. कोंडिबा."

शर्मिला मॅडमनी मान वळवून भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. रस्ता जिथून जात होता, तिथे मोकळी जमीन दाखवली होती. एक घर नाही, एक नाव नाही. नकाशा करणाऱ्यांना रिकामं दिसलं, म्हणून त्यांनी रस्ता काढला होता. आणि तिथे माणसं राहतात हे सांगणारा कागद वीस वर्षं माझ्या पोटात पडून होता.

"ही तर जुनी आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"आजची तारीख मारा," वेणूबाई म्हणाली.

मॅडमनी शिक्का मारला. हरकत क्रमांक एकशे अडतीस.

आता मी रिकामी आहे. दार पुन्हा बसवलंय. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे काय होईल, या विचाराने मला आजही कापरं भरतं. वस्तीचं नाव नकाशात येईल का, ते मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून एकच सांगते, मित्रांनो. माझ्यासारखी पेटी कुठे दिसली, तर कागद टाकण्याआधी तिची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.