संक्रांतीचं वाण

कोणी काही म्हणो, त्या दिवशी मी लीलाला बोलावलं ते तिच्याच भल्यासाठी. नवरा दवाखान्यात आहे म्हणून कुंकवाला नाही म्हणायचं? अशा वेळी तर आधी यावं बाईनं. ती दुपारी आंघोळीला घरी आली होती, तशीच तिला जिन्यात गाठली. "नलिनीताई, आज नको हो, यांना बरं नाही," म्हणाली. मी म्हटलं, "म्हणूनच ये. कुंकवाला नाही म्हणू नये, अवलक्षण असतं."

मग ती आली.

इंद्रपुरीच्या पुढची आमची ही टाउनशिप. माझ्या एकट्या जिन्यावर केरळ, पंजाब, बंगाल आणि इकडचंच सागर गाव राहतं, आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून हळदीकुंकू करायला मी शिकवलं. नाहीतर या बायका एकमेकींना लिफ्टमध्ये नुसतं 'नमस्ते जी' करत मेल्या असत्या. एम. पी.ची राजधानी इथे झाली तेव्हा माझे सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर आले, टी. टी. नगरच्या क्वार्टरात राहिले. तेव्हापासून आमचं हळदीकुंकू कधी चुकलं नाही. आणि ही लीला पुण्याहून बदलीवर येऊन दोन वर्षं झाली नाहीत, तर चारचौघींत मला म्हणते, "तुम्ही 'करून राहिले' म्हणता ना, किती गंमत वाटते ऐकायला!" गंमत! मी हसले, पण विसरले नाही.

तर त्या संक्रांतीला सोसायटीच्या अध्यक्षांची बायको येणार होती, फोटो निघणार होते, दिवाणखाना गच्च भरला होता. या सगळ्यांना उखाण्यांचं भारी कौतुक. आणि उखाणा घ्यावा तर लीलानंच, हे मलाही कबूल करावं लागतं. तिचा फोन माझ्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला. मी तिळगुळाचं ताट भरायला आत गेले आणि तो वाजला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

शाइनी होती. आमच्याच जिन्यावरची, त्याच दवाखान्यात नर्स. "भाभी को तुरंत भेजिए. सर की तबियत बिगड़ रही है, उन्हीं को पूछ रहे हैं."

"भेजती हूँ," मी म्हटलं.

आणि नाही पाठवलं. आता सांगतेच खरं. अध्यक्षीणबाई त्याच मिनिटाला दारात आल्या. लीला उठून रडत पळाली असती तर सगळा कार्यक्रम उधळला असता. मनात म्हटलं, दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात, अर्ध्या तासानं काय आभाळ कोसळतं? शिवाय, देवाशपथ, असंही वाटलं की हिच्या कपाळाला कुंकू लागू दे आधी, त्यानंच नवरा वाचेल. फोन उलटा करून ठेवला आणि ताट घेऊन बाहेर आले.

मी स्वतः तिला हळदकुंकू लावलं. "उखाणा, उखाणा!" बायका ओरडल्या. ती नको नको म्हणत होती, मीच तिला खांदे धरून उभी केली. तिनं घेतला:

"मोठ्या तलावावर पडलं संक्रांतीचं ऊन,
जयंतराव येतील घरी बरे होऊन."

पंजाबच्या परमजीतनं अर्थ विचारला, लीलानं हिंदीत सांगितला. टाळ्या पडल्या. परमजीतच्या डोळ्यांत पाणी आलं.

पावणेसहाला, अध्यक्षीणबाई गेल्यावर, मी तिला म्हटलं, "अगं, आत्ताच फोन आला, तू निघ." ती चपला न घालता पळाली. जयंतराव पाच पस्तीसलाच गेले होते. ती पोचली ती माझं कुंकू कपाळावर आणि हातात वाणाची गाळणी घेऊन. उशीर का झाला म्हणून शाइनीनं मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं, एम. पी. नगरच्या चौकात जाम लागला होता.

लीला मुलीच्या बारावीसाठी इथेच राहिली, जिन्यात भेटली की मान हलवायची. मी तेरा दिवस डबा पोचवला. सुटले, असं मला वाटलं.

यंदाही हळदीकुंकू केलं. तिला अर्थातच बोलावलं नाही. विधवेला बोलवत नाहीत, ही रीत काही मी नाही काढली. पण या बाकीच्या बायकांना रीतभात कुठली! कार्यक्रम ऐन रंगात, आणि परमजीत अन् शाइनी लीलाला दोन्ही हात धरून आत घेऊन आल्या. परमजीत म्हणाली, "भाभी, एक तो रह ही गई थी!"

कुंकवाचा करंडा माझ्या हातात. सगळ्या बघतायत. मी मराठीत पुटपुटले, "लीला, तुला कळायला हवं होतं गं." तिनंही मराठीत उत्तर दिलं असतं तर ते आमच्या दोघींतच राहिलं असतं. आल्यापासून ती माझ्याशी मराठीतच बोलली होती, ते पुण्याचं, कोरीव. आज नाही बोलली.

"पिछले साल शाइनी का फोन इन्होंने उठाया था," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "पाँच दस पर. मेरे फोन में आज भी दिखता है. मुझे पौने छह बजे बताया. बीच में मुझसे वो उखाणा बुलवाया."

शाइनीनं माझ्याकडे पाहिलं. "आप तो बोली थीं, जाम था."

परमजीतनं हातातली वाणाची वाटी टेबलावर ठेवली. मग दुसरीनं ठेवली. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर मीही तोंड वाजवलं असतं, त्यात मी कोणाला हार जात नाही. एकेक करून पर्स उचलून निघाल्या. चपला शोधताना दाराशी तेवढी गर्दी झाली.

लीला मात्र जागची हलली नाही. सगळ्या गेल्यावर माझ्यासमोर आली आणि मराठीत म्हणाली, "शेवटपर्यंत ते एकच विचारत होते, लीला निघाली का. शाइनी सांगत होती, हो, निघाली."

मग तिनं कपाळ पुढे केलं.

"लावा ना, नलिनीताई," ती म्हणाली. "कुंकवाला नाही म्हणू नये."