हिरव्या धुरानंतरचं जेवण

"लक्ष्मणकाका, तुम्ही खरंच एकदा मेला होतात का?"

मित्रांनो, वर्षालीने हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या चारही कडांना झेंडूच्या माळा होत्या. तिच्या वर्गातल्या स्वरूपा आणि प्रज्वलने तिला डिवचलं होतं, नेव्हीच्या एवढ्या गप्पा मारतेस ना, मग विचारून दाखव. आणि पोरीने विचारलंसुद्धा!

मी एक जुनी पोलादी प्लेट आहे. चाकणला नवनाथभाऊंच्या शेडमध्ये माझं वेल्डिंगचं टेबल केलंय. वर्षाली त्यांची मुलगी, यंदा बारावीत. रोज माझ्यावर हातोडे पडतात, ठिणग्या उडतात. पण कधीकाळी मी एका विमानवाहू जहाजाच्या डेकचा तुकडा होते. माझ्यावरून विमानं उडायची, आहात कुठे! शाळेच्या सहली यायच्या, मुलं आ वासून बघायची. मला वाटायचं, आपलं कोण काय वाकडं करणार? पुढे जहाज मोडीत निघालं, गॅस कटरने माझे तुकडे झाले आणि भंगाराच्या ट्रकमधून घाट चढून मी इथे आले.

खंडेनवमीला शेडमध्ये एकही मशीन चालत नाही. पूजा झाली की माझ्यावरच पत्रावळ्या मांडून सगळे जेवतात. फक्त शेजारच्या कंपनीचे वॉचमन लक्ष्मणराव आपली पत्रावळ उचलून गेटपाशी उभ्याने जेवतात. मोशीचा हा माणूस माझ्याच जहाजावर नोकरीला होता. कोणी बोलावलं तर म्हणतात, "जेवा तुमी, आमी मेलेली माणसं." मग ते हसतात आणि सगळेच हसतात.

यंदा मात्र वर्षालीचा एक निर्णय अडकून होता. तिला नौदलात जायला एनडीएची परीक्षा द्यायची होती. आई सुमनताईंचं मन होत नव्हतं. नवनाथभाऊ मूळचे धाराशिवकडचे, समुद्र त्यांनी सहलीपुरता पाहिलेला. त्यांनी सकाळीच माझ्यावर थाप मारून तोडगा काढला होता, "अशा जहाजावर जाणार असशील तर जा. एवढ्या मोठ्याला काय होतंय?" सुमनताई म्हणाल्या होत्या, जेवणं झाली की सांगते.

तर, प्रश्न ऐकून लक्ष्मणराव या वेळी हसले नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "व्हय," म्हणाले. "सराव चालला व्हता."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तुम्हाला मात्र ती मीच सांगते, कारण मी तिथे होते. त्या सरावात आपलीच एक पाणबुडी शत्रू झाली होती. आमच्या भोवती राखण करणाऱ्या चार लहान युद्धनौका, वर हेलिकॉप्टर. समुद्र तेल ओतल्यासारखा शांत. आणि त्या चौघींच्या आत, अगदी आमच्याजवळ, पाण्यातून हिरवा धूर वर आला. आवाज नाही, काही नाही. नुसता धूर. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. मी इथे आहे, मी टॉर्पेडो सोडला, तुम्ही संपलात, असं ती पाणबुडी सांगत होती. ती कधीपासून माझ्या पोटाखाली होती, कोणालाच कळलं नव्हतं.

जहाज बुडालं, असं जाहीर झालं. आणि मग जेवणाची वेळ झाली.

डेकवर ड्युटी असलेल्यांची ताटं वरच आली. डाळ-भात होता. सरावाच्या नियमाने बुडालेली ती माणसं, त्यांत लक्ष्मणरावही, माझ्यावर मांडी घालून जेवली. कोणी कोणाकडे बघेना. फक्त ताटांवर चमचे वाजत होते. मित्रांनो, तो आवाज माझ्यातून गेलेला नाही. वर्षभर हातोड्यांखाली तो दबून राहतो. खंडेनवमीला शेड गप्प होते, पळ्या-वाट्या वाजतात, आणि ते सगळे पुन्हा माझ्यावर येऊन बसतात. लक्ष्मणरावांनाही ते दिसत असावेत.

"आता तर उपग्रहातून दिसतं, काका," प्रज्वल म्हणाला. "ड्रोन आहेत, लांबून येणारी मिसाइलं आहेत. एवढा मोठा तरंगता विमानतळ लपवणार कुठे?" त्याला गंमत करायची होती, पण कोणी हसलं नाही.

नवनाथभाऊंनी माझ्यावरचा हात काढून घेतला. सुमनताई लेकीला हळूच म्हणाल्या, "ऐकलंस ना? झालं आता."

पण वर्षाली लक्ष्मणरावांकडेच बघत होती. "त्या चार जहाजांवर पाण्याखालचे आवाज कोणी ऐकत नव्हतं का?"

"ऐकत व्हते की. पर मधी एवढं मोठं जहाज हाय म्हनल्यावर समदे निवांत. मोठ्याला काय होतंय!"

सकाळचं आपलंच वाक्य ऐकून नवनाथभाऊंनी मान खाली घातली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे मोठं दिसतं त्याला नुसत्या माळा घालू नका. कौतुक म्हणजे राखण नव्हे. माझं आयुष्य माझ्या जाडीवर नव्हतं, कडेला कान लावून बसलेल्या माणसांवर होतं.

वर्षालीने आपली पत्रावळ उचलली आणि गेटपाशी लक्ष्मणरावांच्या शेजारी उभ्याने जेवण संपवलं. हात धुऊन ती आईवडिलांसमोर आली.

"आई, पप्पा, मी परीक्षा देणार आहे," ती म्हणाली. "पण मोठ्या जहाजासाठी नाही. कडेच्या लहान जहाजावर कोणीतरी ऐकत बसायला हवं. तिथे मी बसणार."