सांभाळायला दिलेले तीन शब्द

डॉक्टरांनी तीन शब्द उच्चारले आणि ते कौसल्येच्या ओंजळीत पडले: एक लिंबू, एक चमचा, एक पतंग.

"नीट सांभाळा, काकू. थोड्या वेळानं परत मागेन," डॉक्टर म्हणाले. मग तिच्या नवऱ्याकडे वळले. "काका, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

यादवराव भामरे जन्मभर धुळ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. बायकोच्या रक्ताचे रिपोर्ट चांगले आले होते, थायरॉईड ठीक होतं, मेंदूचा फोटोही काढून झाला होता. आता राहिले होते ते प्रश्न. कौसल्या सकाळपासून धास्तावलेली. सातवीत नापास झाल्यावर तिनं शाळा सोडली होती, आणि त्यानंतर तिची परीक्षा अशी कुणी घेतलीच नव्हती. तिनं तिन्ही वस्तू पर्समध्ये घातल्या आणि चेन लावली.

"आता एक घड्याळ काढा."

तिनं कागदावर गोल काढला. आकडे सगळे उजव्या बाजूला गोळा झाले, तशी खोली उजवीकडे कलली. टेबल घसरत भिंतीला लागलं, मागोमाग तिघांच्या खुर्च्याही गेल्या. डॉक्टरांनी गडगडणारं पेन हातानं अडवलं.

"हं. दिलेल्या वस्तू द्या बघू."

कौसल्येनं पर्समधून पिवळा लोकरी स्वेटर काढला, तान्ह्या बाळाच्या मापाचा.

"हे नाही, काकू. लिंबू होतं." डॉक्टरांनी स्वेटर स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला.

"तुझ्या लेकीचा आहे गं तो," यादवरावांना राहवेना. "शारदाचा."

"कोण शारदा?" कौसल्येनं विचारलं.

ट्रेमध्ये गेलेलं तिच्याकडे परत येत नाही, हे यादवरावांना तेव्हा कळलं. भिंती पुढे सरकल्या. दार त्यांच्या पाठीला टेकलं.

दुसऱ्या खेपेला तिचा हात दंडापर्यंत आत गेला. त्यांच्या जुन्या क्वार्टरमधली स्वयंपाकघराची खिडकी तिनं चौकटीसकट बाहेर ओढली. तिच्यातून अजून ऊन येत होतं, भाकरी भाजल्याचा वास येत होता. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये आडवी ठेवली. ऊन विझलं.

"चमचा होता."

"डॉक्टर, नापास करा तिला," यादवराव म्हणाले. "पण आता विचारू नका."

"पास-नापास नसतं, काका. काय शिल्लक आहे ते बघावं लागतं." डॉक्टरांचा आवाज दमलेला होता. "त्याशिवाय आजाराचं नाव कसं सांगू?"

पर्स रिकामी होती. कौसल्येनं ती उलटी करून झटकली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. यादवराव "पतंग" म्हणाले, पुन्हा म्हणाले, पण तोंडातून आवाज निघाला नाही.

मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"हे," ती डॉक्टरांना म्हणाली. "यांना मी फार जपलंय."

हात सोडवून घेता आला असता. पण दिवसभरात पहिल्यांदाच तिला उत्तराची खात्री होती. यादवरावांनी चपला काढल्या आणि ट्रेमध्ये, स्वेटरशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसले.

ट्रे गार होता. कौसल्येनं मान वर केली, आणि समोर परका पुरुष बसलेला पाहून डोक्यावर पदर ओढून घेतला.