लोण्यासारखा हात

"अंगठा मनगटाला लावून दाखवा," डॉक्टर म्हणाले आणि वनमालाबाईंना हसूच आलं. लहानपणी नेकनूरला पाहुणे आले, की सगळी भावंडं हाच खेळ करून दाखवायची. त्यांनी अंगठा झटक्यात टेकवला आणि वर विचारलं, "दुसरा बी लावू का?"

डोकेदुखी हटेना म्हणून त्या बीडला आल्या होत्या. तपासणीत मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला.

"केवढा हाय?"

"ज्वारीच्या दाण्याएवढा."

"एवढूसा! मंग कावून घाबरवता?"

डॉक्टरांनी समजावलं. अंगाला आतून धरून ठेवणारे धागेच काही घराण्यांत जन्मापासून कच्चे असतात. म्हणून सांधे असे वळतात, कातडी मऊ राहते आणि शिराही कमजोर होतात. फुग्यावर इलाज होता, पण तोवर ओझं उचलायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही. "घरात आणखी कोणाचे सांधे असे वळतात?"

बाई मुळात चौकस. शेजारी कोणती भाजी शिजली हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी हौसेनं आठवायला घेतलं. थोरला भाऊ आश्रुबा. तो उसाच्या फडात डोकं धरून बसला तो उठलाच नाही. चतुरा आत्या, ती बाळंतपणात गेली. लोक करणी म्हणाले होते. मग लेकीचं नाव ओठांवर आलं आणि त्यांना रडू फुटलं. योगिताला सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीच्या सासरी, गेवराईला जाणारी एसटी धरली. योगिताला बघायला आल्या तेव्हा विहीण छबुबाईंनी तिचा हात दाबून पाहिला होता. "लोण्यासारखा हात हाय, लक्ष्मीचा," म्हणत तिथंच सुपारी फोडायला लावली होती. आता तोच हात दुखण्याचा निघाला, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? लेकीला माहेरी धाडून दिलं तर? आणि न सांगावं, तर लेकच हातची जायची.

योगिता हंडा घेऊन हापशावर निघाली होती. वनमालाबाईंनी तिला दारातच थांबवलं आणि छबुबाईंपुढं घराण्यातल्या कच्च्या शिरांचं एका दमात सांगून टाकलं. "फसवलं म्हणा, काय बी म्हणा. पर हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मला बी कालच कळलं."

छबुबाई पुढं आल्या. "कालच कसं काय कळलं?"

"माझ्याच डोक्यात शिरेला फुगा निघाला न्हाई का."

"अवो इहीणबाई! मंग असल्या उन्हात यष्टीत धक्के खात कावून आल्या? फोन न्हाई का तुमाला?"

"फोनवर तुमचं तोंड दिसलं नसतं."

छबुबाईंनी सुनेच्या हातातला हंडा काढून घेतला. "बसा गुमान दोघी बी," म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच हापशाकडे निघाल्या.