शेंदराखालचं भोक

इंझोरीहून मानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या लहानशा पुलावर एरवी कुत्रंही थांबत नाही. त्या सकाळी मात्र तिथं अर्धं गाव लोटलं होतं. कापूस वेचायला निघालेल्या बाया भाकरीची फडकी काखेत धरून उभ्या होत्या, मोटारसायकली आडव्या लागल्या होत्या, मानोऱ्याहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला होता. आणि मधोमध जगदेवची जुनी हिरवी जीप, फतकल मारून बसलेल्या बैलासारखी ढिम्म.

जीपपुढे हरीओम महाराज उभे होते. कपाळभर भस्म, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षांत अडकलेला मोबाइल.

"हा रोग गॅरेजचा नाही, ग्रहांचा आहे!" महाराज गरजले. "लोकांना वाटतं, इंजिन चार सिलिंडरचं. अरे मूढांनो, पाचवं सिलिंडर पिशाच्चाचं असतं! ते मिस्त्रीला दिसत नाही, मला दिसतं!"

बॉनेटवर लिंबू कापलं गेलं. चाकांना अंगारा लागला. मग महाराजांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हात ठेवला. झाकणावर शेंदराचा जाड थर होता. "इथूनच ती शिरली, इथूनच निघेल," असं म्हणत त्यांनी झाकण हळूहळू फिरवलं.

सुस्स्स...

साऱ्यांनी ऐकलं. बाया एक पाऊल मागं सरल्या.

"गेली!" महाराजांनी आभाळाकडे बोट केलं. "माणिकराव, चालू करा!"

जगदेवचा जुना जोडीदार माणिकराव जगदेवकडची चावी घेऊन स्टिअरिंगच्या चाकापाशी बसला. कण्हत, खोकत जीप सुरू झाली. "हरीओम महाराज की जय!" कंडक्टरनंसुद्धा हात जोडले.

महाराजांनी आता डोळे मिटले. "तहान... फार तहान लागली होती तिला. याच पुलावर पाणी मागितलं होतं. भुरी... भुरीबाई."

जगदेवनं हात जोडले. तरुणपणी तो आणि माणिकराव याच जीपमधून सवाऱ्या वाहत. एकदा तांड्यावरची बाळंतपणात अडलेली बाई, भुरीबाई, दवाखान्यात न्यायची होती. ह्याच पुलावर तिनं पाणी मागितलं. जगदेवनं गाडी थांबवून पाजलं, आणि पुढच्या वळणावर ती गेली. पाण्याची ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. मग महाराजांना कशी कळली? देवमाणसाशिवाय कोणाला कळेल?

"तिला आता बाईचा हात सोसत नाही," महाराज म्हणाले. "ज्या बाईनं हे चाक धरलं, तिच्यावरच ती आली आहे."

सगळ्या माना एकदम वळल्या; 'चेटकीण,' कोणी तरी पुटपुटलं. पुलाच्या कडेला जगदेवची सून योगिनी उभी होती. शाळेची पर्स खांद्याला, हातात गाडीची दुसरी चावी. जगदेव तिच्यापर्यंत गेला, तिच्या हातातली चावी काढून घेतली आणि माणिकरावाच्या शेजारी जाऊन बसला. जीप गावाकडे परतली. योगिनी पुलावर तशीच उभी राहिली.

ही जीप जगदेवचा जीव होती. सवारीची काळी-पिवळी वाहनं आली तेव्हा ती गोठ्यात पडली. तिच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. नातू होत नाही, मुलगा गणेश पुण्याच्या कारखान्यात, वेळ जाईना म्हणून जगदेवनं ती बाहेर ओढली. माणिकराव मदतीला आला. दोघा म्हाताऱ्यांनी वर्षभर तिच्याखाली झोपून गंज खरडला, पोचे ठोकले, पुट्टी भरली, रंग दिला. योगिनी मानोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, जीपगाड्यांत कोंबून जावं लागे. दसऱ्याला जीपची पूजा झाली आणि जगदेवनं सगळ्यांसमोर चावी सुनेच्या हातात ठेवली. तिला गाडीही त्यानंच शिकवली होती. "पोरी, क्लच हा बैलाचा कासरा हाय. झटका देशीन त थोही झटका देईन."

दुसऱ्या दिवशी माणिकराव म्हणाला, "मारोतीच्या पारावर नेऊन आणतो गाडी." परत आणली तेव्हा झाकणावर शेंदूर माखलेला होता. सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतर दुखणं सुरू झालं. योगिनी निघायची, काही अंतर नीट जायचं, मग इंजिन आचके द्यायचं आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. कधी पुलाजवळ, कधी पुढं, कधी बंदच पडायची नाही. मिस्त्रीनं कॉइल बदलली, प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, नळीत फुंकून पाहिलं. शेंदराला मात्र कोणीच हात लावला नाही. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही. मग झाकण तरी झाकण कसं राहील? माणिकराव गावातल्या गावात चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "माह्या हातानं त मस्त चालते, बावा. काय म्हणाव आता?"

पुलावरच्या त्या प्रकारानंतर संध्याकाळी योगिनी सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, महाराजानं लिंबू कापलं, अंगारा लावला, मंत्र म्हटला आन् झाकण उघडलं. यातल्या कोणत्या गोष्टीनं गाडी चालू झाली?"

"सगळ्याईनं!"

"मंग एक एक करून पाहू ना. आधी नुसतं झाकण उघडू."

"तुले चेष्टा सुचून राह्यली काय?" जगदेव भडकला. "भुरीबाईचं त्याले कोणं सांगतलं? सांग! शनिवारी गाडी महाराजाच्या मठाले देऊन टाकाची हाय. तू शाळा सोड. गाडीबी गेली, नोकरीबी गेली, घर त राहीन."

"रोज उशीर होते, नोकरी करता का नाही, शाळेनं सोमवारी उत्तर मागतलं हाय, मामाजी."

"मंग सोमवारी नाही म्हणून सांग."

सासू तुळसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची तव्यावरची भाकरी करपली.

शनिवारी जीप मिरवत मठाकडे निघायची होती. निघण्याआधी योगिनीनं स्वतः कॅन आणून टाकी गळ्यापर्यंत भरली. जगदेवनं पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "देवाघरी द्याची त रिकामी काहून द्यायची?" म्हाताऱ्याला भरून आलं. पोरगी समजूतदार आहे, त्याला वाटलं.

पुढं डफडं, मधे जीप, मागं गाव. चाकावर जगदेव, शेजारी महाराज, मागं माणिकराव. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चालली होती. योगिनी बायांच्या घोळक्यात पायी होती. पुलाच्या बऱ्याच अलीकडे जीपनं आचका दिला. दुसरा दिला. थांबली.

डफडं बंद झालं.

"महाराज," मागून कमलीबाईचा आवाज आला. कापूस वेचणारी ही बाई कोणाचीच भीड ठेवत नसे. "चाकावर त जगदेवभाऊ हाय. भुरीबाईले आता बाप्याचा हातबी नाही चालत काय?"

लोक हसले. महाराजांनी चष्मा सारखा केला. "सून मागं चालते आहे! तिची सावली—"

"मी येते समोर, सावलीसकट," म्हणत योगिनी पुढं आली. तिनं कमलीबाईच्या ओटीतून चिमूटभर कापूस घेतला. "महाराज, तुमी म्हणता भूत इथून बाहेर निघते. बाहेर निघालं त कापूस कुठं उडन?"

"बाहेर," गर्दीतून दोघे-तिघे म्हणाले.

तिनं कापूस झाकणाच्या कडेला धरला आणि झाकण सैल केलं. ना लिंबू, ना मंत्र. सुस्स्स... आणि कापसाचे तंतू फटीकडे, आत ओढले गेले. तिनं चिमूट घट्ट धरली होती म्हणून कापूस टाकीत गेला नाही.

"हवा बाहेर नाही आली. आत गेली," ती म्हणाली. "मामाजी, चालू करा."

जगदेवनं स्टार्टर मारला. जीप सुरू झाली.

योगिनी बायांकडे वळली. "तेलाचा डबा नवा फोडता, तवा त्याले भोकं किती पाडता?"

"दोन," कमलीबाई म्हणाली.

"दुसरं कायले?"

"एकानं तेल येते, दुसऱ्यानं हवा जाते. एकच पाडलं त तेल अडकते ना, बाई."

"मंग टाकीचंबी तसंच. इंजिन पेट्रोल ओढते, तेवढी हवा आत गेली पाह्यजे. त्याच्यासाठी झाकणाले बारीक भोक असते. थे बुजलं का पेट्रोल आतच अडकते, गाडी बंद. थांबलं का कडेकडेनं हवा झिरपते, मंग पुन्हा चालू. भरल्या टाकीत हवा कमीच, म्हणून टाकी भरून निघालं का लवकर बंद. गावातल्या गावात फिरलं का काहीच होत नाही. म्हणून माणिककाकाच्या हातानं चालते आन् माह्या हातानं नाही."

जगदेवनं गाडीतला स्क्रू फिरवायचा पेचकस काढला आणि झाकण हातात घेतलं.

"शेंदूर खरडू नको!" माणिकराव ओरडला. "पाप लागन, जगदेव!"

तुळसाबाई गर्दीतून पुढं आली. "लागू द्या. माह्या सुनेले चेटकीण म्हटलं, त्याच्यापक्षा मोठं पाप कोणतं?" तिनं पदरानंच शेंदूर पुसला.

खाली भोक होतं. पण त्यात धूळ नव्हती, गंज नव्हता. करडी पुट्टी होती, दाबून भरलेली आणि दगडासारखी वाळलेली. जीपचे पोचे भरायला दोघांनी जी वर्षभर वापरली, तीच.

जगदेवनं त्या करड्या ठिपक्यावरून नख फिरवलं. मग मान वर न करता म्हणाला, "माणिक, भुरीबाईनं पाणी मागतलं, थे मले माहीत होतं आन् तुले. तिसरं कोणी नव्हतं."

माणिकराव जीपमधून उतरला. "पुट्टी म्याच भरली, महाराजाले सगळं म्याच सांगतलं," तो म्हणाला. "वर्षभर तुह्यासंगं ग्रीस खाल्लं म्या. मले वाटलं, आपुन दोघं फिरू, पह्यल्यासारखे. चावी देताना तुनं माह्याकडं वळूनबी पाह्यलं नाही. म्हटलं, पोरगी कटाळन, चावी ठेवून देईन. इतकंच."

"इतकंच?" जगदेवचा आवाज चिरकला. "मेलेल्या बाईले भूत केलं, जित्या पोरीले चेटकीण केलं, आन् इतकंच? मले म्हटलं असतं, चावी मले दे, त म्या देली नसती काय रे?"

माणिकराव शेताच्या वाटेनं निघून गेला. त्याला कोणी अडवलं नाही, हाकही मारली नाही. चाळीस पावसाळे एका ताटात जेवलेला माणूस पाठमोरा कसा दिसतो, हे जगदेवनं पहिल्यांदाच पाहिलं.

"ही सर्व महामायेची लीला—" महाराजांनी सुरुवात केली.

"लीला राहू द्या, पाचवं सिलिंडर कोणतं थे दाखवा!" कमलीबाई म्हणाली. हशा ओसरेपर्यंत महाराज एका ऑटोत बसले होते. ऑटोवाल्यानं भाडं आधी मागितलं.

जगदेवनं तारेनं भोक मोकळं केलं आणि भरल्या टाकीनं मानोऱ्यापर्यंत जाऊन आला. जीप कुठंच थांबली नाही. परतल्यावर त्यानं चावी सुनेपुढं धरली. तिनं लगेच घेतली नाही.

"माणिककाकाचं मले एवढं लागलं नाही, मामाजी. तुमी मले क्लच शिकवला. आन् एका सुस्स आवाजावर मले पुलावर उभी सोडून गेले."

"चुकलं, पोरी."

"चावी घेते. सोमवारी शाळा हाय. बाकीचं मंग पाहू."

ती घरात गेली. जगदेव अंगणात उभा राहिला. माफी मिळाली की नाही, हे त्याला कळलं नाही.

वाचकहो, गाडी बंद पडो, जनावर दूध चोरो की लेकराचा ताप उतरेना, त्यामागं कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं. चार उपाय एकदम झाले तर गुण कशानं आला ते एकेक करून पाहावं. कोणी आपल्या मनातली गोष्ट सांगितली तर हात जोडण्याआधी ती अजून कोणाला ठाऊक होती ते आठवावं. देव मानायचा त्यानं मानावा, पण शेंदराखाली पाहायला भिऊ नये. आणि परक्याच्या सांगण्यावरून घरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्या माणसाचं म्हणणं एकदा पुरतं ऐकून घ्यावं.