रुखवतावरची ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय. नाक मुरडू नका. अंगाला मेणाचा, पेट्रोलचा आणि तिखटाचा वास येतो, तो माझा नाही. माणसांनी दिलेला आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते, मी कोणाला माफबिफ करत नाही. तो माझा स्वभाव नाही.

कापूस वऱ्हाडातलाच. जाडंभरडं कापड होऊन मी खामगावला आले. तिथे माणिकराव नावाच्या कारागिराने मला दुहेरी शिवण घातली, मेण चोळलं, कडेकडेने पितळी कड्या ठोकल्या. मग सोनाळ्याच्या उत्तमरावांनी मला विकत घेतलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सोनाळ्यात पिकअप गाडी एकट्या उत्तमरावांकडे. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा, मागे उघडा हौदा. कापसाचा धंदा आणि त्या हौद्याची मिजास, दोन्ही वाढत चालले होते.

त्याच वर्षी त्यांच्या चुलत वहिनी मनकर्णाबाईंची सिंधू लोणारला दिली. लग्न मुलाच्या दारी ठरलं, म्हणजे रुखवत लोणारपर्यंत न्यायचं आलं. शेगाव, खामगाव, मेहकर करत दिवसभराचा रस्ता, तोही खड्ड्यांचा. मनकर्णाबाईंनी दोन महिने खपून कुरड्या, पापड, शेवया केल्या होत्या, साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं. रुखवत मांडलं की सासरच्या बायका एकेक जिन्नस उचलून पाहतात आणि त्यावरून पोरीच्या आईचा हात जोखतात. म्हणून बाईंनी पत्र्याच्या पेट्या आणल्या होत्या. तळाला पिंजलेला कापूस, वर कुरड्या, पुन्हा कापूस.

उत्तमरावांनी त्या पेट्या पाहिल्या आणि हसले. "वहिनी, पेट्यायनं जागा खाल्ली त माह्या सरकीची पोती कुठं ठेवू? मेहकरले उतरवायची हायेत. गाठोड्यात बांधा सारं."

"मोडन ना भाऊजी."

"मी रोज गाडी भरून राह्यलो. चेपल्याबिगर गाडी भरत नाही."

"हा कापूस नाही."

"गाडी कोणाची हाय?"

बाईंनी पेट्या रिकाम्या केल्या. रुखवत पांढऱ्या चादरींत बांधलं गेलं. उत्तमराव नालाच्या वहाणांसकट हौद्यात चढले आणि जन्मभराच्या सवयीने गाठोडी तुडवून तुडवून बसवली. मग मला वर पसरलं, दोर आवळला आणि माझ्या पाठीवर उभं राहून पुन्हा तुडवलं. माझ्याखाली कुरड्या मोडत होत्या. बाहेरच्यांना तो आवाज गेला नाही, मला मात्र एकेक कुरडी ऐकू आली.

लोणारला मांडवात सिंधूच्या सासूने, केसरबाईने, गाठोडं सोडलं. आत नुसता चुरा. तिने ओंजळभर उचलला आणि सगळ्यांसमोर खाली सोडला. "हे रुखवत हाय का ढोराचा चारा?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मनकर्णाबाईंनी उत्तमरावांकडे पाहिलं. हा बाबा पान चघळत होता. म्हणाला, "वहिनीनं बांधलं तसं आलं. मी त फक्त गाडी हाकली."

मेल्या! माझ्या पाठीवर तुझा पाय अजून गरम होता. पण बाईंची पोरगी बोहल्यावर उभी, वाद घालायचा कसा? त्या दिवसापासून सिंधूचं नाव चुराबाई पडलं. घरात चुराबाई, पाणवठ्यावर चुराबाई. पुढे मुलगा झाला, तोही चुराबाईचा.

सोनाळ्याला परतल्यावर मनकर्णाबाईंनी गाडीवरून मला ओढून घेतलं, घडी घातली आणि थेट घर गाठलं. उत्तमरावांनी मागितलं नाही. मागायला तोंड लागतं.

पाच वर्षं मी बाईंच्या अंगणात मिरच्या वाळवल्या. बाई मिरच्यांची देठं खुडता खुडता माझ्याशी बोलायच्या. "त्याच्या तोंडून वदवीन. त्याच मांडवात, साऱ्यायच्या पुढं." त्यांचे यजमान किसनराव म्हणायचे, "जाऊ दे ना, किती दिवस उगाळतं?" बाई म्हणायच्या, "तुमाले कोणी चुराबाई म्हणत नाही." मला तर बाईंचा बेतही सौम्य वाटायचा. शिवणीशिवणीत तिखट भरलं होतं माझ्या. उत्तमरावांच्या डोळ्यांवर एकदा झटकलं असतं, की काम झालं.

आणि काय योग पाहा. उत्तमरावांची गीता सिंधूच्याच धाकट्या दिराला दिली. तोच मांडव, तीच केसरबाई. उत्तमरावांच्या बायकोने, वच्छलाबाईने, बजावलं, "माह्या पोरीचं रुखवत तुमच्या पायाखालून जाणार नाही." मग स्वारी खामगावला जाऊन नवी प्लास्टिकची ताडपत्री घेऊन आली. चकचकीत, निळी. ती बांधून शेगावपर्यंत रिकामी गाडी नेऊन पाहिली, तर वाऱ्याने तिच्या चिंध्या झाल्या. मला इतकं बरं वाटलं!

शेवटी उत्तमराव बाईंच्या ओट्यावर येऊन बसले. टोपी हातात. "वहिनी, रुखवत तुम्हीच बांधा. अन् ते ताडपत्री बी द्या."

"बांधते," बाई म्हणाल्या. "एकच अट. दोर मी बांधीन, अन् लोणारले सोडीन बी मीच. दुसऱ्या कोणी हात लावाचा नाही."

"एवढंच?" उत्तमराव हसले.

बाईंनी आधी मला धुतलं, तिखटाचा कण ठेवला नाही. मी मनातून खट्टू झाले, पण त्यांचा हात पाहत राहिले. जड पेट्या तळाला, पुढच्या बाजूला. कुरड्या डब्यांत, डबे पेट्यांत, मधल्या फटींत पिंजलेला कापूस. शेवयांच्या वेताच्या करंड्या सगळ्यांत वर. मला ताणून बसवलं, पण दाबलं नाही. हौद्याच्या मागच्या फळीशी, फाळक्याशी, शेवटची गाठ मारली आणि त्या स्वतः हौद्यातच, गाठीजवळ बसल्या. उत्तमरावांना पुढून दर खड्ड्याला मागे वळून पाहावं लागत होतं.

लोणारला मांडव भरला होता. केसरबाई पुढे आली, बायका गोळा झाल्या. मनकर्णाबाई फाळक्यावर बसून राहिल्या.

"सोडा ना वहिनी," उत्तमराव म्हणाले.

"सोडते. आधी सांगा, माह्या सिंधूचं रुखवत कोणी मोडलं?"

उत्तमराव घाम पुसू लागले. "आता काऊन ते काढता? लग्नघर हाय."

"तवाबी लग्नघरच होतं. तुमी सांगत नाही तवरोक मी उठत नाही."

वच्छलाबाई नवऱ्याला दातओठ खात म्हणाली, "सांगा." गीता मुंडावळ्या बांधून उभी होती. उत्तमरावांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा गाठीकडे. मग खाली पाहत म्हणाले, "म्या तुडवलं होतं. वहिनी नको म्हणत होत्या. म्याच चढलो अन् तुडवलं, अन् खोटं बोललो."

पाच वर्षांनी ऐकलं मी ते. माझ्या कड्या वाजायला हव्या होत्या. पण केसरबाई अगदी सहज म्हणाली, "हे त मले तवाच माहीत होतं. चादरीवर नालाच्या वहाणेचा ठसा होता. बाईमाणूस कुठं नाल घालते?"

मनकर्णाबाईंचा हात गाठीवरच थांबला. "माहीत होतं? मंग माह्या पोरीले काऊन...?"

"नाव तोंडात बसलं बाई. साऱ्यायले गंमत वाटे."

बाईंनी गाठ सोडली. कुरडी न् कुरडी अख्खी होती, पण त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आम्ही दोघींनी पाच वर्षं चुकीच्या माणसावर राग धरला होता, निदान अर्धा तरी. तेव्हा सिंधू बायकांतून पुढे आली. सासूसमोर उभी राहिली, आवाज चढवला नाही. "आत्याबाई, माह्यं नाव सिंधू हाय. दुसऱ्या नावाच्या बाईले हाक माराल त ते येणार नाही. ते या घरात नाही."

केसरबाई हसली. मनकर्णाबाईंनी माझी घडी घातली आणि मला सिंधूच्या हातात दिलं. नुसतं एवढंच म्हणाल्या, "ठेव."

आता मी लोणारला आहे. मेण उडालं, मधोमध वीतभर फाटले. केसरबाई थकली, पायांनी जाग्यावर बसवली. तिच्या खाटेवर सावलीसाठी मला चार बांबूंना बांधलंय. दुपारी ऊन त्या फाटक्या जागेतून बरोबर तिच्या तोंडावर येतं. सवयीने ती हाक मारते, "चुराबाई, पाणी दे." सिंधू आत भाजी निवडत असते. उठत नाही. म्हातारी पुन्हा हाक मारते, पुन्हा मारते, ऊन सरकत नाही. मग कधीतरी म्हणते, "सिंधू." पाणी लगेच येतं, घासलेल्या गडव्यातून, थंडगार.

पूर्वी सातव्या हाकेला ते नाव यायचं. काल चौथ्याला आलं. मला अजून दोन उन्हाळे काढायचेत, तेवढ्यात पहिल्या हाकेवर येईल. तुम्ही कधी या अंगणात आलात आणि दया येऊन सुई-दोरा काढलात, तर हात जोडून सांगते, मला शिवू नका.