चौदा घरांचं गाणं

मी ध्वनिमुद्रण करणारं एक लहानसं यंत्र आहे, मित्रांनो. लोक मला रेकॉर्डर म्हणतात. वयानं मी फार जुना नाही, पण मनावर ओझं आहे ते जुन्या माणसासारखं. ते आज तुमच्यापुढे उतरवतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. मला जाण आली ती रत्नागिरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. माझ्या एका बाजूला पेनाएवढा बारीक रेकॉर्डर होता, दुसऱ्या बाजूला वायरींचा गुंता घेतलेला एक धिप्पाड. आंबेडकर जयंतीला दोन दिवस उरले असताना सुहास आपल्या मुलीला, दीक्षाला, घेऊन तिथे आला. तो शहरात कारकून होता. गावाकडे त्याची आई, कमलाबाई, एक गाणं गायची. वाडीनं धम्म स्वीकारला तेव्हा तिच्या सासूनं ते रचलं होतं. वाडीत घरं चौदा, म्हणून कडवी चौदा. त्या दिवशी कोण काय बोललं, कोण रडलं, कुणी पहिला दिवा लावला, सारं त्यात होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ते फक्त कमलाबाईला येत होतं.

दीक्षा म्हणाली, फोनवरच करू या. पण ढोलकीची थाप पडली की फोनवर आवाज फाटतो, हे सुहासला ठाऊक होतं. दुकानदार हर्षदनं मला पुढे केलं. सुहासनं कानाला हेडफोन लावून टाळी वाजवली, तशा माझ्या पडद्यावरच्या रेघा नाचल्या. तो खूश झाला. हर्षद म्हणाला, "गावी नेण्याआधी चार वेळा घरी वापरून बघा. भरा, आणि परत लावून ऐका." सुहासनं मान हलवली आणि मला खिशात टाकलं.

मित्रांनो, माझं लाल बटण एकदा दाबलं की मी नुसता तयार होतो आणि दिवा लुकलुकतो. पुन्हा दाबलं की दिवा स्थिर होतो, मगच मी आवाज साठवू लागतो. माहितीपुस्तकात हे लिहिलं होतं. ते पुस्तक डब्यातच राहिलं.

जयंतीच्या सकाळी विहारात वंदना झाली. कमलाबाई गायला उभी राहिली, मागून बायकांनी झील धरली. सुहासनं बटण एकदा दाबलं आणि डोळे मिटून हेडफोनमधून ऐकू लागला. चौदाच्या चौदा घरं माझ्या कानांतून गेली. मी ऐकलं सगळं, ठेवलं काहीच नाही. माझा दिवा लुकलुकत राहिला. कानात गाणं येत होतं, म्हणून त्याला वाटलं, काम चालू आहे.

घरी येऊन त्यानं बघितलं. मी रिकामा होतो. तेवढ्यात दारातून आईनं विचारलं, "आला काय रं माजा आवाज?"

सुहास म्हणाला, "आलाय, आये. जरा साफ करून आणतो."

तिथून मी शहरातल्या घरी कपाटात गेलो. दर रविवारी तिचा फोन यायचा, गाणं साफ झालं का म्हणून. सुहास कधी ऑफिसचं कारण सांगायचा, कधी पावसाचं. एकदा धीर करून तो म्हणाला, आये, पुन्हा एकदा म्हणून दाखव ना. ती हसली. "आता कशाला? तुज्या त्या पेटीत हाय ना ता?"

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिनं सगळ्या वाडीला गाणं ऐकायला बोलावलं. आता मात्र सुहासची वाट बंद झाली. विहारात सगळ्यांसमोर मला हातात धरून त्यानं खरं सांगितलं, की बटण एकदाच दाबलं होतं आणि गाणं भरलंच नाही.

 कमलाबाई म्हणाली, "बटणाचं काय नाय रं. पण भाताच्या लावणीला, रोज दळताना म्हनायचे, ता मी सोडलं. तुज्याकडं हाय म्हणून निर्धास्त झाले."

ती उभी राहिली. दीक्षानं मला हातात घेतलं, बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर झालेला नीट पाहिला. ढोलकी सुरू झाली. नऊ घरं आली. दहाव्याला कमलाबाई थांबली. बायकांनी झील पुन्हा धरली, पुन्हा धरली. तिचे ओठ हलत होते, पण शब्द येईनात. ढोलकी हळूहळू बंद पडली.

पुढच्या रांगेत म्हातारे गंगाराम बसले होते. ते हळूच म्हणाले, "वैनी, आमचं घर ऱ्हायलं."

तेही माझ्यात भरलं गेलं आहे. आता मला सगळे जपतात. दीक्षा मऊ कापडानं पुसते, सणाला मला विहारात नेतात. पण कौतुकानं मला लाज वाटते.

मित्रांनो, एखादी वस्तू घ्याल तेव्हा तिची भाषा आधी शिकून घ्या. आणि काही चुकलंच, तर त्याच दिवशी सांगून टाका. माझा दिवा लुकलुकत राहिला त्या दिवशी चौदाही घरं कमलाबाईच्या ओठांवर होती. पाच घरं गेली ती त्यानंतर.